हातांचे भाषांतर आणि हातांचे लिप्यंतर

एकच कोंकणी वाक्य गोव्यात कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमी लिपीत. लिपी पालटली तरी भाषा तीच राहते, हे लिप्यंतर. तेच वाक्य आम्हां कोंकणी मंडळींस मराठीत आणावयाचे झाले, म्हणजे मात्र त्याची घडणच बदलावी लागते, हे भाषांतर. कर्णबधिरांसाठी हातांनी बोलणाऱ्या दुभाष्याच्या कामातही नेमका हाच भेद आहे.

खुणांची भाषा म्हणजे बोलभाषेचीच मुकी नक्कल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. अमेरिकेतील गॅलॉडेट महाविद्यालयाचे प्राध्यापक विल्यम स्टोकी यांनी १९६० साली दाखवून दिले की, तेथील कर्णबधिरांच्या खूणभाषेस स्वतःची स्वतंत्र रचना आहे. भुवया, मुद्रा आणि शरीरासमोरील मोकळी जागा हीदेखील तिच्या व्याकरणात वाटा उचलतात. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेतही 'कोण', 'कोठे' हे प्रश्नशब्द बहुधा वाक्याच्या अखेरीस येतात.

भाषांतर करणारा दुभाषी वक्त्याचा अर्थ उचलतो व शब्द सोडून देतो. अर्थ हाती येईतो त्याला थांबावे लागते, म्हणून तो वक्त्याच्या किंचित मागे असतो. ह्या मागे राहण्यास अडाणी प्रेक्षक मंदपणा समजतो. परंतु डेनिस कोकली यांच्या १९८६ मधील अभ्यासात घाईने पाठोपाठ जाणाऱ्यांच्याच चुका अधिक आढळल्या.

लिप्यंतर करणारा इंग्रजीचा शब्दक्रम राखतो, ओठांनी शब्द उच्चारतो, विशेषनामे बोटांच्या वर्णमालेने लिहितो. हे सोपे वाटेल, पण नाही! एक खूण करण्यास एक शब्द उच्चारण्याच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो, असे बेलुगी व फिशर ह्या संशोधिकांना १९७२ साली आढळले. खूणभाषा स्वतःच्या वळणाने चालली, तर थोड्या खुणांत तेवढाच आशय तेवढ्याच वेळात सांगते. इंग्रजीचा प्रत्येक शब्द हातांवर लादला, की हात मागे पडलेच. तेव्हा काय गाळावे, हे क्षणोक्षणी ठरविणे हेच त्याचे कसब.

मग श्रेष्ठ कोण? माझ्या मते हा प्रश्नच अप्रस्तुत आहे. बोलू-वाचू लागल्यानंतर ज्याचे कान गेले त्याला, किंवा ज्या विद्यार्थ्यास परीक्षेत इंग्रजी संज्ञा जशाच्या तशा लिहावयाच्या आहेत त्याला, लिप्यंतरच हवे असते. परंतु जो खूणभाषेतच वाढला आणि ज्याचे इंग्रजी कच्चे आहे, त्याला ते घातक ठरू शकते. १९६६ सालच्या मिरांडा खटल्यापासून अमेरिकन पोलिसांना अटकेतील आरोपीची चौकशी करण्यापूर्वी, मौन पाळण्याचा हक्क त्याला सांगावा लागतो. आता, 'हक्क', 'उजवा' आणि 'बरोबर' ह्या तिन्ही अर्थांना इंग्रजीत शब्द एकच. खूणभाषेत खुणा निराळ्या. शब्दामागे शब्द ठेवणाऱ्याने खूण चुकविली किंवा संकल्पना उलगडली नाही, तर आरोपी नम्रपणे मान डोलावील आणि ती मान संमती म्हणून नोंदली जाईल.

अमेरिकेत १९६४ साली स्थापन झालेल्या दुभाष्यांच्या नोंदणी-संस्थेने पुढे काही काळ ह्या दोन कौशल्यांची वेगवेगळी प्रमाणपत्रे दिली. जाणता दुभाषी काम आरंभण्यापूर्वी त्या कर्णबधिर व्यक्तीशी थोडे इकडचे-तिकडचे बोलून घेतो. त्या दोन-चार वाक्यांतच तिचे हात कोणत्या वळणाने चालतात, हे त्याला उमगते.