उतार आधी, चढ नंतर

आमच्या दवाखान्यात ‘रोज चाला’ हा सल्ला जितक्या वेळा दिला गेला, तितक्या वेळा तापाची गोळीही लिहून दिली नसेल. सल्ला देणाऱ्या डॉक्टरची चाल मात्र खुर्चीपासून स्कूटरपर्यंत. हे कबूल करूनच आजचा विषय सुरू करतो.

2024 च्या जूनमध्ये मी व सौ. मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. एका शनिवारी तिने आम्हाला सिकोया राष्ट्रीय उद्यानात नेले. ‘‘बाबा, अगदी सोपी वाट आहे, डांबरी. लहान मुलेसुद्धा चालतात,’’ असे तिने आधीच सांगून ठेवले होते. खाली विसेलिया गावात उकाडा होता. तिथून गाडी वळणावळणाने चढत गेली आणि दोनेक तासांत आम्ही समुद्रसपाटीपासून 2,100 मीटरवर उतरलो. आपले कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे त्याच्याही खूप वर. इतक्या उंचीवर प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू एक पंचमांशाहून अधिक कमी होतो. धडधाकट माणसाला थोडा दम लागतो, इतकेच. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याचे उसने बळ इथे उघडे पडते.

वाहनतळापासून ‘जनरल शेरमन’ नावाच्या वृक्षापर्यंत सुमारे 800 मीटरची वाट आहे, सगळी उताराची, मध्ये पायऱ्या. हा वृक्ष जगात सर्वांत उंच नाही, पण खोडाच्या आकारमानाने सर्वांत मोठा आहे. उंची सुमारे 84 मीटर, बुंध्याचा घेर जमिनीलगत 31 मीटर, वय अंदाजे 2,200 वर्षे. आपल्याकडे सातवाहनांचा उदय झाला, त्या सुमारास हे रोप उगवले असावे! साल दालचिनीच्या रंगाची, काही ठिकाणी दोन फूट जाड. तीत राळ जवळजवळ नसते, म्हणून साधा वणवा तिला फारसा बाधत नाही. उलट आगीच्या धगीने फळे उकलतात आणि ओटच्या पापुद्र्याएवढे बी खालच्या राखेत पडून रुजते. पण अलीकडचे वणवे साधे राहिलेले नाहीत. 2020 च्या एका आगीत असे हजारो मोठे वृक्ष गेले आणि 2021 मध्ये या जनरलसाहेबांच्या बुंध्याला आगीपासून वाचवायला चंदेरी पत्र्यासारखे कापड गुंडाळावे लागले. मुळे फार खोल जात नाहीत, आडवी पसरतात. लोकांच्या पायांखाली त्यांच्यावरची माती दबू नये म्हणून वाट सोडून चालायला मनाई आहे. सौ.नी खाली पडलेले एक फळ हळूच पिशवीत टाकले होते, मुलीने ते परत ठेवायला लावले.

तिथूनच पुढे ‘काँग्रेस ट्रेल’ची फेरी आहे, साधारण तीन-साडेतीन किलोमीटरची. ती आम्ही रमतगमत केली. माना वर करकरून मान दुखली, बाकी काही नाही. मग वाहनतळाकडे परत निघालो, आणि आता तीच वाट चढाची होती.

पन्नास-साठ पावले गेलो असेन. खालच्या जबड्यात आवळल्यासारखे झाले, दोन्ही बाजूंनी. छातीत काहीही नाही. कपाळावर घाम. वाटेत बाक होता, त्यावर बसलो. दोन-तीन मिनिटांत सगळे गेले. उठलो, चाललो, पुन्हा तेच, पुन्हा बसलो.

असा रुग्ण माझ्यासमोर आला असता तर त्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी मी ईसीजीचे यंत्र पुढे ओढले असते. श्रम केले की येणारे आणि थांबले की जाणारे दुखणे छातीतच हवे असे नाही. ते जबड्यात, गळ्यात, डाव्या हातात, पोटाच्या वरच्या भागात येते. मधुमेह असलेल्यांना तर कधी नुसता दम आणि घाम. आणि असे पहिल्यांदाच झाले असेल तर त्याच दिवशी दाखवायचे असते. मी मनाशी काय म्हणालो? ‘उंचीमुळे झाले असेल. दाढ असेल.’ खरे कारण वेगळेच होते. परदेशातील दवाखान्याचे बिल डोळ्यांपुढे आले, विम्याच्या कागदावरचा ‘आधीपासूनचे आजार वगळून’ हा बारीक अक्षरांतला मजकूर आठवला, आणि लेकीचा शनिवार मोडावासा वाटला नाही. मुलांकडे जाणाऱ्या अनेक आईवडिलांना हे हिशेब ओळखीचे वाटतील. त्यानंतर तीन आठवडे मी तोंड मिटून काढले. हा शुद्ध मूर्खपणा होता. त्यात मी वाचलो, म्हणून तो शहाणपणा ठरत नाही.

परत आल्यावर आठव्या दिवशी अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी बरीच अरुंद निघाली, स्टेंट बसला.

वाचकांपैकी कोणी मुलांकडे जाणार असेल किंवा इथेच गडावर, घाटात, खोल दरीतल्या देवळात जाणार असेल, तर जाण्यापूर्वी ब्लडप्रेशर, साखर आणि गरज असेल तर हृदयाची तपासणी करून घ्यावी. ज्या वाटेला उतार आधी आहे तिथे पाय ताजे असतात आणि परतीचा चढ दिसत नाही, म्हणून अर्धी शक्ती राखून ठेवावी. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. दुखणे बसल्यावरही पाच मिनिटांत थांबले नाही, तर कोणाचाही शनिवार मोडावा. आपल्याकडे 108 ला फोन करावा.

मुलीला हे सर्व मी अँजिओग्राफीच्या आदल्या रात्री फोनवर सांगितले. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘त्या बाकावर बसून तुम्ही म्हणालात, झाडाचा फोटो नीट घेतोय.’’

तो फोटो आहे माझ्याकडे. झाड त्यात आलेलेच नाही, नुसती वाट आली आहे.