आधी तोंड, मग खाद्य

गुरामी माशाची अंडी फुटतात, पिलं पोहायला लागतात आणि आठवडाभरात निम्मीशिम्मी नाहीशी होतात. दोष पाण्याला दिला जातो, पण पुष्कळदा ती उपाशी मेलेली असतात, तीही खाद्याने भरलेल्या टाकीत. ‘जिवंत खाद्य दिलं की पिलं जगतात’ हा समज म्हणूनच अपुरा आहे. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कवचधारी जिवाचं अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरचं असतं. गप्पीचं पिल्लू ते पहिल्याच दिवशी गिळतं. गुरामीच्या पिलाच्या इवल्या तोंडात ते सुरुवातीला मावतच नाही. गुरामीच्या पिलाला पॅरामिशियमसारखे, ०.३ मिलिमीटरच्या आतले जीव लागतात. तेच इन्फ्युसोरिया. केळ्याची साल टाकलेलं पाणी दुधाळ झालं की ते तयार झालं, असं सर्रास मानतात. प्रत्यक्षात तो दुधाळपणा जिवाणूंचा असतो. ते पाणी तसंच ओतलं तर टाकीतला प्राणवायू घटतो. जिवाणू खाऊन सूक्ष्मजीव वाढतात, पाणी पुन्हा निवळतं, आणि वापरण्याजोगं होतं ते तेव्हा. नुसती साल पुरत नाही. तळ्याच्या किंवा जुन्या टाकीच्या पाण्याचं विरजणही हवं.

आकाराइतकीच वेळही महत्त्वाची. लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, सतत हवा, उजेड आणि २६ ते २८ अंश तापमान मिळालं, तर आर्टेमियाची अंडी २४ ते ३६ तासांत फुटतात. आर्टेमिया पौष्टिक खरा, पण कधीही दिला तरी तितकाच पौष्टिक, हे खरं नाही. बाहेर आलेलं पिल्लू आधी अंड्यातल्या शिदोरीवरच जगतं. दिवसभर उपाशी ठेवलं की ती आटत जाते. गोड्या पाण्यात ते काही तासांतच मरतं आणि सडू लागतं. म्हणून ताजं द्यावं, थोडं द्यावं, आणि रिकामी कवचं वेगळी करूनच द्यावं.

जिवंत खाद्यातून रोग येतात, हा आक्षेप गटारातून काढलेल्या ट्युबिफेक्स किड्यांबद्दल रास्त आहे. ओट्सच्या लगद्यावर झाकणाच्या डब्यात वाढवलेल्या मायक्रोवर्म या सूक्ष्म कृमींना तोच न्याय लावण्यात अर्थ नाही. मग खाद्याची पावडर काय वाईट? गप्पीला ती चालतेही. पण पुष्कळ जातींची पिलं हालचाल दिसली तरच झडप घालतात आणि न हलणारी पावडर तळाशी कुजते. (मायक्रोवर्मही तळाशी जातात, पण तिथे काही तास वळवळत तरी राहतात.) राहिलं बाल्कनीतलं डासांच्या अळ्यांचं फुकटचं पिंप. मोठ्या माशांना अळ्या उत्तम, पण वाढलेली अळी पिलापेक्षा मोठी असते, आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. डेंग्यूच्या शहरात हा सौदा महागच. त्यापेक्षा मोइना हा पाणपिसू पाळावा: शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यावर किंवा चिमूटभर यीस्टवर वाढतो, आपल्याकडचा उकाडा सोसतो आणि गोड्या पाण्यातलाच असल्याने कुणी खाईपर्यंत टाकीत जिवंत राहतो.