तेलविहीर वेधनातील दाबमापन व दाबनियंत्रण

खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू यांसाठी विहीर खोदताना (वेधन करताना) विहिरीतील व यंत्रसामग्रीतील द्रायूंचा, म्हणजेच द्रव आणि वायू यांचा दाब सतत मोजणे व तो ठरावीक मर्यादांत राखणे, यास दाबनियंत्रण म्हणतात. भूगर्भातील तेल, वायू व पाणी प्रचंड दाबाखाली असतात. ते विहिरीवाटे अनिर्बंधपणे उसळून बाहेर पडू लागले, की त्या घटनेस ब्लोआउट असे म्हणतात. १० जानेवारी १९०१ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्पिंडलटॉप येथे उसळलेला तेलाचा फवारा नऊ दिवस आवरता आला नव्हता. त्या काळी असा फवारा भाग्याचे लक्षण मानला जाई. आज तो गंभीर अपघात समजला जातो.

दाबाचा समतोल

वेधन चालू असताना पोकळ वेधननळीतून ‘मड’ नावाचा चिखलासारखा द्रव पंपाने खाली सोडतात. तो नळीच्या टोकाशी असलेल्या बिटमधून बाहेर पडतो आणि खडकाचा चुरा घेऊन नळीभोवतीच्या वलयाकार पोकळीतून वर येतो. बिट थंड ठेवणे व चुरा वाहून आणणे ही मडची कामे आहेतच. परंतु आपल्या वजनाने खडकातील द्रायूंना थोपवून धरणे हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे कार्य होय.

स्थिर द्रवस्तंभाचा तळाशी पडणारा दाब हा द्रवाची घनता, गुरुत्वीय त्वरण व उभी खोली यांच्या गुणाकाराइतका असतो. विहिरीच्या रुंदीचा त्यावर परिणाम होत नाही. ३,००० मीटर खोलीवर शुद्ध पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे २९४ बार, तर पाण्याच्या १.२ पट घनता असलेल्या मडचा दाब सुमारे ३५३ बार भरतो. घनता वाढविण्यासाठी मडमध्ये बॅराइट हे जड खनिज मिसळतात. आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथे या खनिजाचे मोठे साठे आहेत.

मड हवे तितके जड करता येत नाही. त्याचा दाब खडकाच्या सहनशक्तीपलीकडे गेला, तर खडकाला भेगा पडून मड त्यांत शिरते. त्यामुळे विहिरीतील द्रवाची पातळी खाली जाते, दाब घटतो आणि ज्या द्रायूंना अडवायचे तेच आत येऊ लागतात. खडकाच्या छिद्रांतील दाब ही खालची व खडक फुटण्याचा दाब ही वरची मर्यादा असून या दोहोंमधील वाट अनेकदा अतिशय अरुंद असते.

दाबाचे मापन

दाबमापकांत बोर्डन नळी दीर्घकाळ वापरात आहे. फ्रेंच अभियंता यूजीन बोर्डन याने १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले. आतील दाब वाढला, की वक्र व चपटी नळी किंचित सरळ होऊ लागते आणि तिला जोडलेला काटा तबकडीवर फिरतो. मात्र मडमधील घन कण या अरुंद नळीत साचून ती बंद करतात. म्हणून मड व मापक यांच्यामध्ये लवचीक पडदा बसवितात. पडद्याच्या एका बाजूस मड व दुसऱ्या बाजूस स्वच्छ तेल असते आणि दाब त्या तेलामार्फत मापकापर्यंत पोहोचतो. तेलात हवेचे बुडबुडे राहिले, तर काटा मंद चालतो. विद्युत संवेदकांचा वापर आता सर्वत्र होत असला, तरी सर्वच उपकरणांची अचूकता ज्ञात दाबाशी वेळोवेळी ताडून पाहावी लागते.

वेधननळीकडील दाब आणि वलयाकार पोकळीच्या मुखाशी असलेला दाब, ही दोन मापने मुख्य होत.

किक व तिचे नियंत्रण

खडकातील द्रायू विहिरीत शिरल्यास त्यास किक म्हणतात. मडच्या टाकीतील पातळी अकारण वाढणे, किंवा पंप थांबवूनही विहिरीतून मड वाहत राहणे, ही तिची ठळक लक्षणे होत. अशा वेळी विहीर बंद करून दाब वाचतात. वरील उदाहरणात वेधननळीचा मापक २० बार दाखवीत असेल, तर खडकातील दाब ३५३ अधिक २०, म्हणजे सुमारे ३७३ बार ठरतो. तो तोलण्यासाठी मडची घनता पाण्याच्या सुमारे १.२७ पट करावी लागते. आत शिरलेला वायू बाहेर काढताना ‘चोक’ ही झडप कमीअधिक उघडून विहिरीच्या तळाचा दाब स्थिर राखतात.

विहीर बंद करण्याचे काम ब्लोआउट प्रतिबंधक करतो. जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी व हॅरी कॅमेरॉन यांनी १९२२ मध्ये ह्यूस्टन येथे रॅम पद्धतीचा प्रतिबंधक विकसित केला. त्यात दोन्ही बाजूंनी येणारे पोलादी ठोकळे नळीभोवती घट्ट बसतात. काही प्रकारांत ते नळी कापूनही टाकतात. हे ठोकळे हलविण्यासाठी लागणारा द्रव, नायट्रोजनने दाबलेल्या टाक्यांत साठवून ठेवलेला असतो. त्यामुळे वीज गेली तरी प्रतिबंधक चालविता येतो.

मापन व निर्णय

मेक्सिकोच्या आखातातील मकाँडो विहिरीवर २० एप्रिल २०१० रोजी झालेल्या दुर्घटनेपूर्वी विहिरीचा बंदोबस्त तपासण्याची चाचणी घेण्यात आली होती. त्या वेळी वेधननळीत शून्य दाब अपेक्षित असताना मापक सुमारे १,४०० पौंड प्रति चौरस इंच (सुमारे ९७ बार) दाखवीत होता. दुसऱ्या एका नळीतून मात्र प्रवाह येत नव्हता. या विसंगतीचे चुकीचे स्पष्टीकरण ग्राह्य धरून चाचणी यशस्वी मानण्यात आली. त्याच रात्री डीपवॉटर होरायझन या तरंगत्या वेधनमंचावर स्फोट होऊन ११ कर्मचारी मृत्युमुखी पडले. तेलगळती १५ जुलै रोजी थांबली.

भारतातही आसाममधील बागजान येथे २७ मे २०२० रोजी वायुविहिरीचा ब्लोआउट झाला. ९ जून रोजी त्या विहिरीने पेट घेतला व दोन अग्निशमन कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. विहीर पूर्णपणे बंद होण्यास नोव्हेंबर उजाडला.

यामुळे वेधनक्षेत्रातील प्रशिक्षणात उपकरणांच्या ज्ञानाइतकाच भर मापनाचा अर्थ लावण्यावर दिला जातो. दोन मापके परस्परविरोधी आकडे दाखवीत असतील, तर त्यांतील सोयीचा आकडा न स्वीकारता, विसंगतीचे कारण सापडेपर्यंत विहीर असुरक्षित समजावी, असा या क्षेत्रातील नियम आहे.