पावसाळ्याचे दोन महिने आणि एक छप्पर
(द्वितीय वर्ष, कला)

१ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ असल्यामुळे ही बंदी योग्यच आहे. परंतु आमच्या मनोरीत तिचा आणखी एक परिणाम दिसतो. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी सांधून झालेली असतात, मैदानात पाणी साचलेले असते आणि समुद्र खवळलेला असतो. अशा संध्याकाळी तरुण मुलांनी करायचे काय?

दोन वर्षांपूर्वी अशाच एका जुलैत माझा धाकटा भाऊ मित्रांबरोबर आडोशाला बसला होता. शेजारच्या टोळक्यात मारामारी झाली आणि पोलीस आले. ह्याचा काही संबंध नसताना ह्यालाही मध्यरात्रीपर्यंत बसवून ठेवले. पुढे काही झाले नाही. पण तेव्हापासून खाकी कपडा दिसला की तो रस्ता बदलतो. पोलिसांशी त्याची पहिली ओळख अशी झाली. ती वेगळ्या तऱ्हेने होऊ शकली असती का, या प्रश्नातून हा लेख सुचला.

पोलिसांनी मुलांसाठी खेळाची सोय करावी, ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली पोलिसांनी काही रस्ते वाहतुकीला बंद करून मुलांना खेळण्यासाठी मोकळे केले. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात वुलुमुलू या बंदरालगतच्या वस्तीत १९३७ साली पोलिसांनी मुलांचा पहिला क्लब उघडला. १९५४ साली अमेरिकेतील लुईव्हिल गावी कॅशियस क्ले नावाच्या बारा वर्षांच्या मुलाची सायकल चोरीला गेली. तक्रार द्यायला तो जो मार्टिन या पोलिसाकडे गेला आणि चोराला बडवून काढीन म्हणाला. मार्टिन एका इमारतीच्या तळघरात मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. त्याने सांगितले, आधी लढायला तर शीक! त्याच मुलाने १९६० मध्ये रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. पुढे जग त्याला मुहंमद अली म्हणून ओळखू लागले.

आपल्याकडेही १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि वस्तीतील तरुण व पोलीस यांचे क्रिकेटचे सामने झाले. गडचिरोलीत पोलिसांनी कबड्डीच्या व व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवल्या आहेत. केरळात २०१० साली सुरू झालेली विद्यार्थी पोलीस योजना २०१८ मध्ये देशभर नेण्यात आली. परंतु सामना एका दिवसात संपतो. रोजची ओळख व्हायची तर रोजची जागा हवी आणि आमच्याकडे ती पावसातही कोरडी हवी. म्हणून छप्पर.

आता अशी क्रीडाशाळा बांधायची झाली तर ती केवढी असावी? येथे मोठेपणाच्या हौसेपेक्षा खेळांची मापे कामाला येतात. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, स्त्रियांचे १२ गुणिले ८. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० गुणिले ६.१०. व्हॉलीबॉलचे मैदान १८ गुणिले ९ आणि भोवताली निदान तीन-तीन मीटर मोकळी जागा. म्हणजे २४ गुणिले १५ मीटर. व्हॉलीबॉलला बसणाऱ्या या जागेत कबड्डीची मॅट तर मावतेच, शिवाय बॅडमिंटनची दोन कोर्टेही शेजारी शेजारी आखता येतात. उंचीला व्हॉलीबॉलसाठी सात मीटर पुरतात. जागतिक दर्जाच्या बॅडमिंटनला बारा लागतात, पण आपल्याला जागतिक स्पर्धा भरवायची नाही. खो-खोचे २७ गुणिले १६ चे मैदान मात्र येथे मावत नाही; ते बाहेरच राहील.

मापे ठरली की खरा सामना समुद्राशी आहे. खारा वारा लोखंड खातो, हे होडीवाल्यांना सांगावे लागत नाही. क्षार काँक्रीटमध्ये मुरतात, आतल्या सळया गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटला आतून तडे जातात. म्हणून सळयांवर काँक्रीटचे आवरण पुरेसे जाड हवे आणि छपराच्या कैच्यांना वेळोवेळी रंग हवा. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते. त्या बाजूची भिंत भरीव ठेवून दारे दुसऱ्या अंगाला काढावीत. हवेसाठी वर आढ्याशी आणि खाली भिंतीत जाळ्या असाव्यात. पण फूल उडेल इतका वारा कोर्टावर येऊ नये. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की पंचाची शिट्टी ऐकू येत नाही, तेव्हा पत्र्याखाली आवाज शोषणारा थर आवश्यक आहे. लाकडी तक्तपोशी आमच्या दमट हवेत फुगते. त्यापेक्षा उंच जोते, ओल न चढणारी फरशी आणि तीवर उचलता येणारी मॅट बरी. दिवे कोर्टाच्या बाजूंना असावेत. डोक्यावर असले तर वर पाहणाऱ्याचे डोळे दिपतात.

जागाही कोठेही घेता येत नाही. किनाऱ्यावरील बांधकामावर १९९१ पासून नियमांचे बंधन आहे आणि २०१९ च्या अधिसूचनेने ते नव्याने आखले आहे. तिवरांभोवती पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करू नये, असा उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. तिवरे तोडून मुलांना शिस्त शिकवायची, हा प्रकार हास्यास्पद ठरेल.

यापुढची गोष्ट नकाशात सहज सुटते. क्रीडाशाळेचे दार पोलीस ठाण्याच्या दारातून जाता कामा नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे मुलाला कोठडीत ठेवता येत नाही आणि प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा, अशी तरतूद आहे. या अधिकाऱ्याने साध्या वेशात मॅटच्या कडेला उभे राहावे. हजेरीची वही असावी, पण ती खेळाची असावी, संशयितांची नव्हे. मुलांना एकदा तसा वास आला तर दुसऱ्या दिवशी कोणीही येणार नाही.

आणि मुलींचे काय? आठवीपर्यंत मी ओहोटीच्या वेळी पुळणीवर कबड्डी खेळत असे. पुढे कोणी मनाई केली नाही. पण कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही, अंधार पडला की बघे जमतात. खेळ आपोआप सुटला. म्हणून मुलींसाठी वेगळी खोली, स्वच्छतागृह, वाटेवर दिवा आणि आठवड्यातील ठराविक संध्याकाळी या गोष्टी पहिल्याच आराखड्यात हव्यात. नंतर करू म्हटलेली खोली कधीच होत नाही.

शेवटचा प्रश्न किल्लीचा. पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. उत्साही साहेब गेले की कुलूप लागते आणि सभागृह खुर्च्या ठेवण्याची कोठी बनते. यास उपाय एकच: किल्ली दोन ठिकाणी असावी, एक ठाण्यात आणि दुसरी गावातील समितीकडे. समितीत कोळी समाज असावा, ईस्ट इंडियन समाज असावा, शाळेचे शिक्षक असावेत आणि खेळणाऱ्यांपैकी एक मुलगा व एक मुलगी असावी. बांधकामाच्या खर्चाबरोबर दरवर्षीच्या रंगाचा, विजेचा आणि झाडूवाल्याच्या पगाराचा हिशेबही आधीच मांडावा. इमारत एकदाच बांधावी लागते. उघडी मात्र रोज ठेवावी लागते.

परवा हा लेख मी घरी वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "होडीसारखेच आहे की! बांधण्यापेक्षा सांभाळणे कठीण." भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तो पोलीस स्वतः पण खेळणार का?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल, तरच ते छप्पर उभारण्यात अर्थ आहे.