वाळूत चाक का रुतते?

ऐन पावसाळ्यात भोर-वेल्ह्याच्या बाजूला गेलात, तर भातखाचरात चिखलणी करणारा ट्रॅक्टर जरा नीट पाहा. त्याला लोखंडी पट्ट्यांची, पिंजऱ्यासारखी रुंद चाके जोडलेली दिसतील. ती कशासाठी बरे? हे समजले, की समुद्रकाठच्या वाळूत मोटार का रुतते, तेही समजेल.

समजा, भोरचे एक कुटुंब हिवाळ्याच्या दिवसांत मोटारीत तंबू, शिधा आणि स्टोव्ह घालून वरंधा घाटाने महाडला उतरले आणि तेथून कोकणच्या किनाऱ्यावर गेले. तंबू अगदी समुद्राजवळ ठोकावा, म्हणून त्यांनी मोटार डांबरी रस्ता सोडून वाळूच्या उंचवट्यांत घातली. थोड्याच अंतरावर चाके जागच्या जागी गरगर फिरू लागली. चालकाने जोर वाढवला, तशी मोटार आणखीच खाली गेली. असे का झाले?

आपण साधा हिशेब करू. माणसे आणि सामान धरून मोटारीचे वजन १६०० किलोग्रॅम माना. चार चाकांपैकी प्रत्येकावर सुमारे ४०० किलोग्रॅम भार येईल. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर टायर जमिनीला साधारण २०० चौरस सेंटिमीटर एवढ्याच जागेत टेकतो. ही जागा वहीच्या अर्ध्या पानाहूनही लहान! डांबरी रस्ता हा दाब सहज पेलतो. कोरड्या वाळूचे कण मात्र सुटे असतात. त्यांना एकमेकांशी धरून ठेवते ते केवळ घर्षण. दाब वाढला, की ते बाजूला सरकतात. त्यात चाक वेगाने फिरू लागले, तर ते कण मागे उडवते आणि स्वतःसाठीच खड्डा खणते.

आता हवा कमी करून टायरमधील दाब निम्म्यावर आणला, तर काय होईल? टायर पसरेल, टेकण्याची जागा साधारण दुप्पट होईल आणि तेच वजन अधिक जागेवर विभागले जाईल. उंटाचे पसरट पाऊल वाळवंटात फारसे रुतत नाही, त्याचे कारणही हेच. आपल्या खाचरातील पिंजऱ्याचे चाकही भार पसरवते. शिवाय त्याच्या पट्ट्या चिखलाला मागे रेटतात, म्हणून ट्रॅक्टर पुढे सरकतो. मात्र वाळूतून बाहेर येताच टायरमध्ये पुन्हा हवा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर पक्क्या रस्त्यावर सतत दबून-उलगडून तापतो, आणि घाटात तो फुटला तर मोठा अपघात होऊ शकतो.

घरी एक प्रयोग करा. परातीत कोरडी वाळू पसरा. पाण्याने भरलेली बाटली तिच्यावर आधी सरळ ठेवा, मग बूच खाली करून ठेवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी बाटली अधिक रुतेल. आता वाळूवर थोडे पाणी शिंपडा आणि प्रयोग पुन्हा करा. ओलसर वाळू अधिक भार पेलते, कारण कणांमधील पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना एकत्र खेचून धरतो. पण पाणी भरपूर ओतलेत, तर सगळ्या फटी भरतात, ही पकड नाहीशी होते आणि वाळू पुन्हा ढिली पडते. ओहोटीच्या वेळी घट्ट वाटलेल्या वाळूवर उभी केलेली मोटार भरतीचे पाणी चढताच अडकते, ती यामुळेच.

म्हणजे हवा कमी केली, की वाळूच्या टेकड्यांवर खुशाल मोटार चालवावी काय? नाही. या टेकड्या कशा बनतात ते पाहा. वारा कोरडी वाळू उडवत आणतो. वाटेत मर्यादवेल आडवी आली, की तिच्याशी वाऱ्याचा वेग मंदावतो आणि वाळू खाली पडते. आपट्यासारखी पाने आणि जांभळट फुले असलेली ही वेल पेरापेरांतून मुळे सोडते व वाळू बांधून ठेवते. वादळी लाटांचा मारा आधी या टेकड्या झेलतात. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ अनेकांना आठवत असेल. चाकांनी वेल तुटली, की सुटी झालेली वाळू वारा उडवून नेतो आणि गावापुढचा हा बांध खचू लागतो.

आणखीही एक गोष्ट आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे व इतर काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात भरतीरेषेच्या वर वाळूत खड्डा करून अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती चाकांखाली दडपली जातात, आणि समुद्राकडे निघालेली इवलीशी पिल्ले चाकोरीत अडकून पडतात. किनारा नियमन अधिसूचनांत (२०११ व २०१९) वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा अतिसंवेदनशील क्षेत्रात घातल्या आहेत, त्या उगाच नव्हे.

तेव्हा किनाऱ्यावर सहलीला गेलात, तर मोटार रस्त्याकडेला उभी करायला वडिलांना सांगा, आणि तंबू गावात एखाद्याच्या वाडीत परवानगी घेऊन ठोका. पुढचे अंतर पायी जा. तुमच्या पावलांचा दाब मोटारीच्या दाबाच्या मानाने कितीतरी कमी असतो. नेमका किती, हे चौकटीच्या कागदावर स्वतःचे पाऊल आखून तुम्हीच काढा पाहू!