लाल रेषा कुणाची?
पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश लष्कराचे खंदकांचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. त्यामुळे खंदकांची नागमोडी वळणंही स्पष्ट दिसतात. ती मुद्दाम ठेवलेली असत, म्हणजे एका टोकाकडून झाडलेली गोळी आरपार जात नसे. विमानातून टिपलेल्या छायाचित्रांवरून नकाशे सुधारले जात. रंग मात्र जपून वाचावेत: जर्मन खंदक लाल, ब्रिटिश निळे, १९१८च्या सुरुवातीला हे उलटं झालं. म्हणून आधी तारीख बघा. मग फ्रान्समधलं नव शापेल जरूर शोधा. मार्च १९१५मध्ये भारतीय सैनिक तिथे लढले. पश्चिम आघाडीवर कामी आलेल्या, पण कबर ठाऊक नसलेल्या ४,७००हून अधिक भारतीयांचं स्मारक तिथेच आहे.