पक्षी बघायचे, तर आधी झाड बघा

मैत्रिणींनो, सुट्टी आली की मुलांना कुठं न्यायचं हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच पडतो. बाग म्हटली की झोपाळा, घसरगुंडी आणि भेळ! त्यातली एक सकाळ पक्ष्यांसाठी ठेवून तर बघा. वर्गात पक्ष्यांची नावं विचारली, की गाडी कावळा, चिमणी, पोपट, कबुतर यांच्यापुढं सरकत नाही. यात मुलांचा काय दोष? त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

मुंबईकर भगिनींसाठी सोयीची जागा म्हणजे धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. या सुमारे ३७ एकर जागेवर एके काळी शहराचा कचरा टाकत. तिथं झाडं लावली, वाढवली आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. तुमच्या गावी असं काही नसेल, तर नदीकाठ किंवा देवळामागची जुनी झाडंही चालतील.

पक्ष्यामागं धावू नका. झाड हेरा आणि खाली गप्प बसा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुलले की मध प्यायला मैना, बुलबुल आणि चिमुकले शिंजीर येतात. उंबर पिकलं की कोकीळ, तांबट आणि आपला राज्यपक्षी हरियाल हजर! 'टुक् टुक्' असा ठोका ऐकू आला, की तांबट जवळपास आहे समजा.

आपल्या मातीतल्या झाडांवर इथल्या किड्या-अळ्यांचं पोट भरतं, आणि त्या अळ्यांवर पक्ष्यांची पिल्लं वाढतात. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. परदेशातून आणलेली शोभेची झाडं दिसायला छान. पण त्यातल्या पुष्कळ झाडांवर आपल्याकडचे किडे फारसे पोसले जात नाहीत.

जाताना एवढं करा : उजाडताच निघा. भडक रंगाचे कपडे नकोत. डब्यात पोळीभाजीची गुंडाळी द्या. कुरकुरणाऱ्या पिशव्या नकोत. वही-पेन्सिल घ्या. पक्ष्यांना पाव-फरसाण घालू नका आणि घरट्याजवळ तर मुळीच जाऊ नका.

घरी परतल्यावर मात्र खरं काम आहे. अंगणात किंवा कुंडीत कढीलिंब, अडुळसा लावा. कढीलिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते; मोठी झाली की ती हिरवी होते. दिसली की औषध फवारायला धावू नका. तिचं एक तर फुलपाखरू होईल, नाहीतर ती एखाद्या पिल्लाच्या चोचीत जाईल. चार पानं तिनं खाल्ली, म्हणून आपल्या फोडणीला काही कमी पडत नाही!